नव्या अँटिबायोटिकची डिस्क लावण्याआधी: निकष, पडताळणी आणि रिपोर्ट

औषध कंपनीचा प्रतिनिधी नव्या अँटिबायोटिकचं पत्रक आणि सोबत डिस्कची (औषध भिजवलेल्या कागदी चकत्यांची) एक कुपी टेबलावर ठेवून जातो. दोन दिवसांनी आयसीयूतून फोन येतो, ‘तेवढं नवीन औषध पण लावून बघा.’ टेक्निशियन जंतू पसरलेल्या प्लेटवर डिस्क ठेवतो, सकाळी झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, बऱ्यापैकी मोठा दिसतो आणि रिपोर्टवर ‘एस’ (जंतू औषधाला संवेदनशील) छापला जातो. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाकच्या छोट्या लॅबमध्ये नवं औषध बऱ्याचदा असंच यादीत शिरतं. पुढे पेशंटला कोल्हापूर नाहीतर मिरजेला हलवतात, तिथं कल्चर पुन्हा होतं आणि त्याच जंतूला त्याच औषधासाठी ‘आर’ (जंतू दाद देत नाही) येतो. नातेवाईक दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांसमोर उभे, आणि कोणती लॅब खोटी यावर वाद. पुष्कळदा दोन्हीकडच्या प्लेटा ठीक असतात. झोन वाचायचा तक्ता मात्र दोघांचा वेगळा असतो, किंवा एकाकडे तक्ताच नसतो.

हा लेख डिस्क डिफ्यूजन, म्हणजे डिस्कभोवतीचा झोन मोजायची ही चाचणी, करणाऱ्या लॅबसाठी आहे. टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा. लोक चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि पहिले तीन कधीच करत नाहीत.

टप्पा १: निकष आहे का, ते आधी कागदावर शोधा

झोन किती मिलिमीटरच्या वर असला की ‘एस’, हा आकडा आपल्या लॅबमध्ये ठरत नाही. त्यामागे तीन गोष्टी असतात: अनेक लॅबमधून जमवलेल्या एमआयसीची (जंतूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या सर्वांत कमी प्रमाणाची) विभागणी, नेहमीच्या डोसला रक्तात औषध किती आणि किती वेळ टिकतं याचं गणित, आणि पेशंट प्रत्यक्षात बरे झाले का याची माहिती. त्यानंतर शेकडो जंतूंची एमआयसी आणि झोन एकाच आलेखावर मांडून मिलिमीटरचा आकडा काढतात. हे काम सीएलएसआय (अमेरिकेतली) आणि युकास्ट (युरोपातली) यांसारख्या संस्था करतात. सीएलएसआयचा एम १०० हा दस्तऐवज दरवर्षी नवा निघतो आणि ऑनलाइन फुकट वाचता येतो. युकास्टचे तक्ते १ जानेवारीपासून लागू होतात आणि फुकट उतरवून घेता येतात. पैसे नाहीत म्हणून जुना तक्ता वापरतो, ही सबब त्यामुळे चालत नाही.

कुपी उघडण्याआधी एका कागदावर हे लिहून काढा:

– औषध कोणत्या जंतूसाठी वापरणार? ई. कोलायचा आकडा ॲसिनेटोबॅक्टरला लावता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन पाहा: सीएलएसआयमध्ये ई. कोलायला २६ मिमी आणि वर ‘एस’, पण टायफॉइडच्या साल्मोनेलाला ३१ मिमी आणि वर. डिस्क तीच, औषध तेच.
– कोणत्या नमुन्यासाठी? तोंडाने घ्यायच्या फॉस्फोमायसिनचा निकष फक्त लघवीतल्या जंतूंसाठी आहे. रक्ताच्या कल्चरवर तो छापला तर डॉक्टरांची दिशाभूल होते.
– डिस्कमध्ये औषध किती मायक्रोग्रॅम?
– तक्ता कोणाचा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या पानावरचा?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर तिथंच थांबा. दोन्ही संस्थांच्या तक्त्यांत औषध नसेल तर औषधाला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने आकडा जाहीर केलाय का ते पाहा. तोही नसेल तर रिपोर्टवर औषधाचं नाव येऊ देऊ नका. ‘झोन २४ मिमी, निकष उपलब्ध नाही’ असं छापणंही टाळा, कारण वाचणारा २४ म्हणजे भरपूर असंच धरून चालतो.

इशारा: कंपनीच्या पत्रकावरचा तक्ता हा निकष नव्हे. मूळ तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यातला आकडा वहीत उतरवू नका.

टप्पा २: एकच मानक धरा, आणि डिस्क त्याच मानकाची घ्या

सर्वांत जास्त घोळ इथं होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीएलएसआय आणि युकास्ट दोन्ही चांगली मानकं आहेत. वाईट आहे ती खिचडी: डिस्क एकाची, तक्ता दुसऱ्याचा. जुन्या औषधांमध्ये फरक थोडा असल्याने ही खिचडी पचून जायची. नव्या औषधांत तसं होत नाही.

सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम घ्या. सीएलएसआयची डिस्क ३०/२० मायक्रोग्रॅमची: एन्टेरोबॅक्टेरेल्स गटाला, म्हणजे ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरेंना, २१ मिमी आणि वर ‘एस’, २० आणि खाली ‘आर’. युकास्टची डिस्क १०/४ मायक्रोग्रॅमची: १३ मिमी आणि वर ‘एस’, त्याखाली ‘आर’. आता समजा तुमच्याकडे ३०/२० ची डिस्क आहे आणि क्लेबसिएलाचा झोन १६ मिमी आला. सीएलएसआयच्या तक्त्यावर हा सरळ ‘आर’. पण भिंतीवर युकास्टचा तक्ता असेल तर १६ हा १३ पेक्षा मोठा, म्हणून ‘एस’ छापला जाणार. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला महागडं औषध सुरू होणार आणि त्याचा काही उपयोग होणार नाही. उलटी चूकही होते: १०/४ च्या डिस्कवर १७ मिमी आला, सीएलएसआयच्या तक्त्यावर वाचला, आणि उपयोगी पडणारं औषध ‘आर’ म्हणून बाद झालं. डोळ्यांना दोन्ही डिस्क सारख्याच दिसतात. फरक फक्त डिस्कवरच्या बारीक छापात.

तक्त्यातल्या तळटीपाही वाचा. याच औषधासाठी सीएलएसआय सांगतं की झोन २० ते २२ मिमी असेल तर एमआयसी करून खात्री करा. ही टीप फारच कमी लॅबमध्ये पाळली जाते.

कोणतं मानक धरायचं? माझं मत असं: तुमचे पेशंट पुढे ज्या मोठ्या हॉस्पिटलांत जातात, तिथं काय वापरतात ते विचारा आणि तेच धरा. खानापूरचा पेशंट बेळगावला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, अथणीचा मिरजेला. चंदगड-गडहिंग्लजकडचे उलटे बेळगावला येतात. लॅबने मानकाची निवड पेशंटच्या या वाटा बघून केली तर दोन कागदांचा वाद निम्मा मिटतो. उरलेल्या निम्म्यासाठी रिपोर्टच्या तळाशी मानकाचं नाव आणि वर्ष छापा.

तपासा: ऑर्डर देताना औषधाच्या नावापुढे मायक्रोग्रॅम लिहिलेत का? पार्सल आल्यावर कुपी, डिस्कवरचा छाप आणि तक्ता हे तिन्ही आकडे एकच आहेत का? जुळत नसेल तर पार्सल परत.

टप्पा ३: हे औषध डिस्कने तपासता येतं का?

काही औषधांना डिस्क चालतच नाही, तरी बाजारात डिस्क मिळते म्हणून लोक लावतात.

कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) नीट पसरत नाही. झोनवरून काहीच ठरवता येत नाही, एमआयसी मोजायची स्ट्रिपही विश्वासाची नाही. संदर्भ पद्धत ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत जंतू वाढवून एमआयसी काढणं. छोट्या लॅबला जमणारा मार्ग म्हणजे ब्रॉथ डिस्क इल्यूशन: १० मिलि कॅटायन-ॲडजस्टेड मुलर हिंटन ब्रॉथच्या चार नळ्या घ्यायच्या, त्यांत १० मायक्रोग्रॅमच्या अनुक्रमे ०, १, २ आणि ४ डिस्क टाकायच्या, औषध ब्रॉथमध्ये उतरू द्यायचं आणि मग जंतू घालायचा. हे एन्टेरोबॅक्टेरेल्स आणि स्यूडोमोनास एरुजिनोसासाठी, ॲसिनेटोबॅक्टरसाठी नाही. सीएलएसआयने २०२० पासून कोलिस्टिनचा ‘एस’ हा वर्गच काढून टाकला आहे: एमआयसी २ किंवा कमी असेल तर ‘आय’ (मधला वर्ग), ४ किंवा जास्त असेल तर ‘आर’. तेव्हा कोणत्याही रिपोर्टवर ‘कोलिस्टिन एस’ दिसलं की तो जुन्या तक्त्यावरचा किंवा दुसऱ्या मानकाचा आहे हे ओळखा.

डॅप्टोमायसिनलाही डिस्क नाही, आणि त्याच्या ब्रॉथमध्ये कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणात लागतं. सेफिडेरोकॉलची गंमत उलटी आहे. त्याची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क नेहमीच्या मुलर हिंटन अगारवर चालते, पण एमआयसी काढायची तर ब्रॉथमधलं लोह काढून टाकावं लागतं. फॉस्फोमायसिनच्या डिस्कमध्ये औषधाबरोबर ग्लुकोज-६-फॉस्फेट असावंच लागतं. कुपीवर तसा उल्लेख नसेल तर घेऊ नका.

टप्पा ४: सामान

डिस्क. साठा उणे २० अंशांवर, चालू कुपी २ ते ८ अंशांत, शोषक गोळीसह. फ्रीजमधून काढल्यावर तास-दीड तास बंदच ठेवा, मग उघडा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगाव-खानापूरकडे हवेत इतका ओलावा असतो की थंड कुपी उघडली की आत लगेच पाणी धरतं, आणि बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातली) औषधं ओलाव्याने झपाट्याने मरतात. वीज गेली की फ्रीजचं तापमान किती चढलं ते कळायला कमाल-किमान थर्मामीटर आत ठेवा. चढलं असेल तर डिस्क टाकून देऊ नका आणि वापरूही नका. आधी क्यूसी (ज्याचा झोन ठाऊक आहे अशा जंतूवर तपासणी) करा.

अगार. मुलर हिंटनच, दुसरं काही नाही. थर ४ मिमी: ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिलि. अंदाजाने ओतलं तर थर पातळ होतो, पातळ थरात झोन फुगतो आणि खोटा ‘एस’ मिळतो. टेबलाला पाणपातळी लावून पाहा. एका बाजूला कललेल्या प्लेटवर एकाच डिस्कचा झोन अंडाकृती येतो. पीएच ७.२ ते ७.४. पाणी डिस्टिल्डच वापरा. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत बोअरचं पाणी नुसतं गाळून वापरण्याचा मोह होतो, पण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे स्यूडोमोनासचे ॲमिनोग्लायकोसाइडचे (जेंटामायसिनच्या गटातल्या औषधांचे) झोन आकसतात.

मॅकफर्लंड ०.५. सस्पेन्शनचा, म्हणजे द्रवात घोळवलेल्या जंतूंचा, गढूळपणा याच्याशी जुळवायचा. घरी बनवायचं तर ०.०४८ मोलर बेरियम क्लोराइड ०.५ मिलि आणि ०.१८ मोलर सल्फ्युरिक ॲसिड ९९.५ मिलि. ६२५ नॅनोमीटरला शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. नळी घट्ट बंद करून अंधारात ठेवा आणि वापरण्याआधी दर वेळी हलवा. तळाशी बसलेला गाळ तसाच ठेवून वरच्या निवळ पाण्याशी तुलना केली की सस्पेन्शन पातळ होतं, आणि पुन्हा झोन मोठा.

क्यूसीचे जंतू. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्यूडोमोनास एटीसीसी २७८५३ (एटीसीसी हा जंतूसंग्रहातला क्रमांक) बहुतेकांकडे असतात. नव्या जोड-औषधांना तेवढ्यावर भागत नाही, आणि हा मुद्दा फार थोड्यांच्या लक्षात येतो. सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टममधलं अॅव्हिबॅक्टम जंतूच्या बीटा-लॅक्टमेजला (औषध तोडणाऱ्या एन्झाइमला) अडवतं. २५९२२ जवळ अडवण्याजोगा एन्झाइमच नाही. डिस्कमधलं अॅव्हिबॅक्टम पूर्ण निकामी झालं तरी या जंतूचा झोन उत्तम येणार आणि क्यूसी पास होणार. म्हणून एन्झाइम बनवणारा जंतूही लावायचा: क्लेबसिएला एटीसीसी ७००६०३, किंवा तक्त्यात त्या औषधापुढे जो सांगितला असेल तो. असे जंतू उणे ६० अंशांच्या खाली ठेवावे लागतात. पुनःपुन्हा सबकल्चर केले तर एन्झाइमचं जनुक गमावतात.

टप्पा ५: क्यूसी, पेशंटच्या आधी

नव्या औषधासाठी सोपी योजना तीन गुणिले पाच. रोज क्यूसी जंतूची तीन स्वतंत्र सस्पेन्शनं बनवा, तीन प्लेटा लावा, असं पाच दिवस. एकाच सस्पेन्शनच्या तीन प्लेटा लावल्या तर ती तीन निरीक्षणं होत नाहीत.

पंधरा झोनांपैकी एखादाच तक्त्यातल्या मर्यादेबाहेर गेला तर पास, यापुढे आठवड्याला एकदा क्यूसी. दोन किंवा तीन बाहेर गेले तर आणखी पाच दिवस तसंच करा. तीसपैकी एकूण तीनपर्यंत चालतात. चार किंवा जास्त बाहेर गेले तर थांबून कारण शोधा.

कारण शोधताना आधी बाकीच्या डिस्ककडे पाहा. सगळ्याच डिस्कचे झोन मोठे असतील तर सस्पेन्शन पातळ किंवा अगार पातळ. सगळेच लहान असतील तर उलट. एकाच औषधाचा बिघडला असेल तर डिस्क. ॲमिनोग्लायकोसाइड आणि क्विनोलोनचे लहान, पण टेट्रासायक्लिनचा मोठा असेल तर पीएच खाली गेला आहे.

इशारा: मर्यादेत आहे पण रोज वरच्याच टोकाला आहे, हीसुद्धा बिघाडाची सुरुवात. आकडे वहीत नुसते लिहू नका, आलेखाच्या कागदावर मांडा. उदाहरणार्थ २५९२२ ला जेंटामायसिनची मर्यादा १९ ते २६ मिमी; आठवडाभर २५-२६ दिसत असतील तर मॅकफर्लंडची नळी बदलून पाहा.

टप्पा ६: रोजची चाचणी

इथं नवं काही नाही, फक्त घड्याळ पाळा. सस्पेन्शन बनवल्यापासून १५ मिनिटांत प्लेटवर, प्लेट लावल्यापासून १५ मिनिटांत डिस्क, डिस्क ठेवल्यापासून १५ मिनिटांत इनक्युबेटरमध्ये. तापमान ३५ अंश, वेळ १६ ते १८ तास. ९० मिमीच्या प्लेटवर पाच-सहापेक्षा जास्त डिस्क नकोत. खाली टेकलेली डिस्क सरकवू नका, औषध टेकताक्षणी अगारमध्ये उतरू लागतं.

भिंतीवरची कामाची पद्धत मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा. सकाळचा टेक्निशियन निपाणीचा असतो, रात्रीचा बैलहोंगलचा. ‘त्याला सांगितलं होतं’ यावर पंधरा मिनिटांचा नियम चालत नाही.

टप्पा ७: झोन वाचणे

प्लेट उलटी धरा, मागे काळा कागद, वरून प्रकाश, कॅलिपरने मोजा. पट्टी नको: २० आणि २१ मध्ये ‘आर’ आणि ‘एस’चा फरक पडतो तिथं अंदाज कामाचा नाही. मोजायच्या आधी लॉन, म्हणजे प्लेटवरची जंतूंची वाढ, सलग आहे का ते पाहा. सुट्या कॉलनी दिसल्या तर सस्पेन्शन पातळ होतं, प्लेट बाद.

झोनच्या आत कॉलनी दिसल्या तर दुर्लक्ष करू नका. जंतू मिसळलेले असतील किंवा त्यांतले काही औषधाला दाद देत नसतील. कॉलनी उचलून पुन्हा ओळख आणि पुन्हा चाचणी. याला अपवाद युकास्टच्या पद्धतीने ई. कोलायला लावलेलं फॉस्फोमायसिन: तिथं आतल्या सुट्या कॉलनी सोडून बाहेरची कड मोजायची. प्रोटियसची पसरट पातळ वाढही सोडून द्यायची.

संगणकात एस-आय-आर नव्हे, मिलिमीटर भरा. व्होनेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मानक आणि डिस्कची ताकद सांगितली की अर्थ तेच लावतं. पुढे तक्ता बदलला तर जुने आकडे नव्या निकषावर पुन्हा तपासता येतात. नुसता ‘एस’ साठवला असेल तर ते जमत नाही.

टप्पा ८: संदर्भ पद्धतीशी ताडणी

क्यूसी पास झाली म्हणजे पेशंटच्या जंतूंवरही पद्धत बरोबर चालते असं नाही. निदान ३० जंतू घ्या, त्यांची एमआयसी मोठ्या लॅबकडून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने करून घ्या आणि आपल्या झोनशी जुळवा. निदान ९० टक्के निकाल जुळायला हवेत.

न जुळलेल्यांची मोजणी वेगवेगळी करायची. एमआयसीने ‘आर’ आणि तुमच्याकडे ‘एस’, ही अतिगंभीर चूक. एमआयसीने ‘एस’ आणि तुमच्याकडे ‘आर’, ही गंभीर. एकीकडे ‘आय’ आणि दुसरीकडे दुसरं काही, ही किरकोळ. अतिगंभीर चुकीची टक्केवारी फक्त ‘आर’ जंतूंवर काढतात. म्हणजे तुमचे तीसही जंतू संवेदनशील असतील तर ही चूक दिसायला जागाच नाही, आणि शंभर टक्के जुळलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. नव्या औषधाला दाद न देणारे जंतू छोट्या लॅबकडे सहसा नसतात. मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे रीतसर पत्र देऊन मागा, आणि आणताना तिहेरी पॅकिंगशिवाय आणू नका. एसटीच्या पिशवीत घालून तर नाहीच. इतक्या कमी जंतूंत एक जरी अतिगंभीर चूक निघाली तरी ते औषध रिपोर्टवर घेऊ नका.

दोन-तीन लॅबनी मिळून हे ३० जंतू वाटून घेतले तर खर्च कमी होईल असं वाटतं, पण प्रत्येकाचा अगार आणि मोजणारा हात वेगळा असतो. जंतूंचा संच एकच ठेवा, चाचणी मात्र प्रत्येकाने पूर्ण करा.

टप्पा ९: रिपोर्ट

‘आय’चा अर्थ छापा. युकास्टने २०१९ मध्ये त्याची व्याख्या बदलली: जंतू संवेदनशील आहे, पण औषधाचा मारा वाढवावा लागेल. त्यांच्या तक्त्यात स्यूडोमोनाससाठी सेफ्टाझिडिमपुढे ‘एस’ला ५० मिमी दिसतं. ती छपाईची चूक नाही. त्या जंतूला नेहमीचा डोस पुरत नाही म्हणून आकडा मुद्दाम इतका वर ठेवला आहे, साध्या जंतूचाही रिपोर्ट ‘आय’ यावा आणि डॉक्टरांनी वाढीव डोस द्यावा यासाठी. तळाशी हे लिहिलं नाही तर डॉक्टर ‘आय’ पाहून औषध सोडून देतात आणि विनाकारण राखीव औषधाकडे जातात. सीएलएसआयमध्ये एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठी सेफेपिमला याच धर्तीवर ‘डोसवर अवलंबून संवेदनशील’ असा वेगळा वर्ग आहे. १९ ते २४ मिमीचा झोन त्यात पडतो.

नवं राखीव औषध प्रत्येक रिपोर्टवर छापू नका. साधी औषधं ‘एस’ असतील तर ते लपवून ठेवा, डॉक्टरांनी मागितलं तर सांगा. चाचणी सगळ्यांची करायची, छापायचं निवडक.

टप्पा १०: दर जानेवारीत

तक्ता बदलला का ते पाहा आणि बदल वहीत सहीनिशी नोंदवा. सिप्रोफ्लॉक्सासिनचं उदाहरण पुरेसं आहे. एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठी सीएलएसआयच्या जुन्या तक्त्यात २१ मिमी हा ‘एस’ होता; २०१९ पासून तोच २१ मिमी ‘आर’ झाला. ज्या लॅबच्या भिंतीवर अजून पिवळा पडलेला लॅमिनेटेड तक्ता आहे, तिथून तो आजही ‘एस’ म्हणूनच बाहेर पडतो. तक्ता बदलताना तीन ठिकाणी बदला: भिंतीवर, सॉफ्टवेअरमध्ये आणि रिपोर्टच्या तळटिपेत. सॉफ्टवेअरमधला आकडा बदलला का हे दाखवायला एक बनावट नोंद भरून पाहा, सिप्रो २१ मिमी. ‘एस’ आला तर बदल झालेला नाही. ज्या डॉक्टरांकडे तुमचे रिपोर्ट जातात त्यांना एका पानाचं पत्र आधीच पाठवा, म्हणजे फेब्रुवारीत ‘तुमच्याकडे अचानक रेझिस्टन्स कसा वाढला’ असे फोन येणार नाहीत.